प्लेग ओळखणारा डॉक्टर आणि ‘वस्तीस अयोग्य’ ठरलेल्या खोल्या

मुंबईतील १८९६ च्या प्लेगचे पहिले निदान करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस आज एक पुतळा आणि एका गल्लीचे नाव एवढ्यापुरतेच उरले आहेत. ज्या चाळींमध्ये त्यांनी रुग्ण तपासले, त्या पुढे माणसाने राहण्यास अयोग्य ठरल्या. तेथून बाहेर काढलेल्या भाडेकरूंचा हक्क कोणता, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास मात्र त्यानंतर अर्धे शतक जावे लागले.

मुंबईत धोबीतलाव परिसरातून जाणाऱ्या गर्दीला तेथील एका डॉक्टरांच्या पुतळ्याकडे पाहण्यास सहसा फुरसत नसते. काळबादेवीच्या कावेल भागातील डॉ. व्हिएगस स्ट्रीट या गल्लीत राहणाऱ्यांनाही हे व्हिएगस कोण, हे ठाऊक असतेच असे नाही. आधुनिक मुंबईच्या इतिहासातील सर्वांत भीषण साथीची वर्दी देणारा हा डॉक्टर होता. त्याचे चरित्र हे एका अर्थाने मुंबईतल्या भाड्याच्या खोलीचेही चरित्र आहे.

हडफड्यातून मांडवीत

अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ मध्ये गोव्याच्या बारदेश महालातील हडफडे या गावी झाला. त्या काळी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून शिक्षणासाठी आणि पोटापाण्यासाठी मुंबईला येणाऱ्यांची संख्या मोठी होती. व्हिएगस त्यांच्यापैकीच एक. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८८० मध्ये ते डॉक्टर होऊन बाहेर पडले आणि मांडवी भागात त्यांनी व्यवसायास आरंभ केला. पुढे मुंबई महापालिकेचे सदस्य म्हणूनही ते निवडून आले. रुग्णाच्या उशाशी बसणारा आणि सभागृहात बोलणारा माणूस एकच असणे ही गोष्ट पुढे निर्णायक ठरली.

मांडवी हे बंदरालगतचे व्यापारी पेठेचे ठाणे. बोटींतून उतरणारे धान्य येथल्या गोदामांत साठवले जाई. तळमजल्यावर पोत्यांच्या थप्प्या आणि वरच्या मजल्यांवर माणसांच्या खोल्या, अशी येथील इमारतींची सर्वसाधारण रचना होती. व्यापारी, त्यांचे मुनीम, हमाल, गाडीवान असे सगळेच एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहत. दोन इमारतींमध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी गल्ली असे आणि तीतच मोरीचे पाणी व मैला वाहत असे. आतल्या खोल्यांना खिडकी नसे. भर दुपारीही तेथे दिवा लावावा लागे.

ही स्थिती एकट्या मांडवीची नव्हती. १९०१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील दहापैकी सुमारे आठ माणसे एकखोली बिऱ्हाडात राहत होती. कापडगिरण्या आणि गोदी यांच्या ओढीने कोकणातून व घाटावरून माणसे येत होती. घरमालक जुन्या इमारतींवर मजले चढवून खोल्या पाडत होते. खोलीला उजेड असावा, हवा असावी, मोरी वाहती असावी, असा आग्रह धरण्याची ताकद भाडेकरूच्या अंगी नव्हती. हा नाही तर दुसरा भाडेकरू मिळत असे आणि महिना संपण्याआधी खोली रिकामी करण्यास सांगता येत असे.

२३ सप्टेंबर १८९६

सन १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवीत एक विचित्र ताप दिसू लागला. रुग्णाला एकाएकी हुडहुडी भरे, ताप चढे, जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि काही दिवसांतच त्याचा शेवट होई. गोदामांतून मेलेले उंदीर सापडत असल्याच्या वार्ता होत्या. डॉ. व्हिएगस यांनी आपल्या रुग्णांची लक्षणे पडताळून पाहिली आणि हा गाठीचा प्लेग आहे, या निष्कर्षाप्रत ते आले. २३ सप्टेंबर १८९६ रोजी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे त्यांनी ही गोष्ट उघडपणे मांडली.

हे धाडस लहान नव्हते. मुंबई हे साम्राज्याचे मोठे बंदर होते. प्लेगचे नाव निघताच परदेशी बंदरे मुंबईच्या मालावर निर्बंध घालणार, बाजार बसणार, हे उघड होते. साहजिकच प्रारंभी त्यांच्या निदानावर अविश्वास दाखवण्यात आला. सरकारने कलकत्त्याहून जीवाणुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले. ऑक्टोबरमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगचे जंतू सापडले आणि मांडवीच्या डॉक्टरांचे म्हणणे खरे ठरले. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येरसँ यांनी हा जंतू शोधला होता. साथही तेथूनच जहाजांच्या मार्गाने मुंबईत आली असावी, असे मानले जाते.

पुढच्या काही महिन्यांत शहराने जे पाहिले, ते त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. रेल्वे स्थानके आणि बंदरे बाहेर पडणाऱ्यांनी भरून गेली. १८९७ च्या आरंभी शहरातील जवळजवळ निम्मी वस्ती निघून गेली होती, असा अंदाज आहे. १८९१ मध्ये ८ लाख २१ हजारांवर असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. लोकांबरोबर रोगही गावोगावी पोहोचला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

भिंतीवरची तीन अक्षरे

प्लेग उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसापर्यंत पोहोचतो, हे १८९६ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ यांनी ती साखळी १८९८ मध्ये कराचीत काम करताना जोडून दाखवली, आणि तीही सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. तोपर्यंत घाण, ओल, कोंदट हवा आणि दूषित जमीन हीच रोगाची उगमस्थाने समजली जात. त्यामुळे घर हाच पहिला आरोपी ठरला.

महापालिका आयुक्त स्नो यांनी ऑक्टोबर १८९६ मध्ये काढलेल्या आदेशान्वये अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचे, रुग्णाला सक्तीने इस्पितळात नेण्याचे आणि घर निर्जंतुक करण्याचे अधिकार मिळाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. पथके घराघरांत शिरू लागली. छपरावरची कौले काढून आत ऊन येऊ दिले जाई, भिंतींना चुना फासला जाई, सामान जाळले जाई, गटारांत जंतुनाशकांचे लोट सोडले जात. या धुलाईने उंदीर बिळांतून बाहेर पडले आणि शेजारच्या वस्त्यांत रोग घेऊन गेले, असे पुढे अभ्यासकांनी नोंदवले.

घरांच्या भिंतींवर खुणा उमटल्या. रुग्ण सापडलेल्या घरावर वर्तुळे काढली जात. जे घर अगदीच वाईट, त्याच्यावर यू. एच. एच. ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जात. माणसाच्या वस्तीस अयोग्य, असा त्यांचा अर्थ. ती अक्षरे उमटली की बिऱ्हाड बाहेर पडत असे.

वस्तीस अयोग्य घरांविषयीच्या तरतुदी १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात होत्या. अशा घराचा वापर बंद करवण्याची वाट त्यात होती. मालकाला दुरुस्तीची नोटीस देता येत होती. बाहेर पडलेल्या भाडेकरूने जायचे कोठे, दुरुस्तीनंतर त्याला तीच खोली परत मिळणार काय, याविषयी मात्र कायदा त्याच्या बाजूने काही बोलत नव्हता. ज्याने खोलीची दुरवस्था केली नव्हती, त्यालाच तिची पहिली शिक्षा भोगावी लागत होती.

लोक रुग्ण लपवू लागले, त्याचे एक कारण येथे आहे. इस्पितळाची भीती होती, जातिधर्माचे आणि स्त्रियांच्या लाजेचे प्रश्न होते, मृतदेहाच्या विटंबनेच्या अफवा होत्या. त्यांच्या जोडीला घर जाण्याची भीतीही होती. घरात प्लेग निघाला, तर रुग्ण इस्पितळात, बाकीचे कुटुंब विलगीकरण छावणीत आणि खोलीला टाळे, हे ठरलेले होते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर हल्ला केला. ९ मार्च १८९८ रोजी रिपन रोड भागात दंगल उसळली. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर २२ जून १८९७ रोजी गोळ्या झाडण्यात आल्या. सक्तीच्या उपायांनी रोग आटोक्यात आला नाही आणि लोकांचा विश्वास मात्र गेला. सरकारला अखेर ते धोरण सैल करावे लागले.

लस आणि विश्वास

अशा वातावरणात विश्वास मिळवता येईल असे फार थोडे डॉक्टर शहरात होते. डॉ. व्हिएगस त्यांच्यापैकी एक. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका अपुऱ्या जागेत प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर तिची परीक्षा झाली. सर्वसामान्य माणूस सुईला भीत होता. डॉ. व्हिएगस यांनी लसीच्या प्रसारास वाहून घेतले. सुमारे १८ हजार लोकांना लस टोचण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. रुग्णसेवेत स्वतःच्या जिवाची पर्वा त्यांनी केली नाही.

त्याच वेळी गलिच्छ वस्त्यांची स्वच्छता आणि उंदरांचा नायनाट यांचा त्यांनी जोराचा पुरस्कार केला. पिसवेचे शास्त्र सिद्ध होण्याआधीच मांडवीच्या गोदामांशेजारी वैद्यकी केलेल्या या डॉक्टरला उंदीर आणि अंधारी खोली यांचे महत्त्व उमगले होते.

रस्ते रुंद झाले

प्लेगने सरकारला एक गोष्ट पटवली, की मुंबईची घरे बदलल्याविना मुंबईचे आरोग्य सुधारणार नाही. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या काळात १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, हवेशीर रस्ते काढणे, नव्या जमिनी वसाहतीस तयार करणे आणि विस्थापित गरिबांसाठी चाळी बांधणे ही त्याची कामे. नागपाड्याची योजना, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही त्याची आरंभीची कामे आणि पुढे दादर-माटुंग्याची आखणी हे त्याचे मोठे कार्य. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आयुष्यातील अनेक वर्षे काढली, ती चाळ याच ट्रस्टची.

तथापि ट्रस्टच्या पहिल्या दशकाचा हिशेब भाडेकरूच्या दृष्टीने तोट्याचा होता. बांधलेल्या खोल्यांपेक्षा पाडलेल्या खोल्या जास्त होत्या. जमीन व इमारत यांची भरपाई मालकाला मिळे आणि ती कमी वाटल्यास त्याला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येई. महिन्याच्या कराराने राहणाऱ्या भाडेकरूला खोली सोडावी लागे. कामाच्या ठिकाणापासून दूर जाणे परवडत नसल्याने तो शेजारच्या चाळीतच शिरे. तेथील गर्दी वाढे, भाडे वाढे आणि काही वर्षांनी तीही इमारत वस्तीस अयोग्य होण्याच्या मार्गाला लागे.

याला राजकीय कारणही होते. त्या काळच्या महापालिकेत मताचा अधिकार मुख्यतः कर भरणाऱ्या मालमत्ताधारकांना आणि काही प्रतिष्ठित वर्गांनाच होता. एकखोली बिऱ्हाडात राहणाऱ्याला मत नव्हते. घरमालकांचे हितसंबंध सभागृहात बसलेले असत आणि भाडेकरू दाराबाहेर उभा असे. विशिष्ट रकमेहून अधिक भाडे देणाऱ्या भाडेकरूला महापालिकेचा मताधिकार १९२२ च्या सुधारणेने मिळाला. सर्व प्रौढांना तो मिळाल्यावरची पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली.

अशा महापालिकेच्या अध्यक्षपदी १९०६ मध्ये डॉ. व्हिएगस निवडले गेले. आज ज्याला महापौर म्हणतात, ते हे पद. महापौर हे नाव त्याला १९३१ मध्ये मिळाले. एतद्देशीय ख्रिस्ती समाजातून या पदावर पोहोचलेले ते पहिले गृहस्थ होते. गोव्याहून शिकण्यासाठी आलेल्या मुलाने मुंबईचा प्रथम नागरिक व्हावे, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. तथापि आरोग्याची जाण असलेला अध्यक्ष आला म्हणून भाडेकरूचे स्थान बदलणे शक्य नव्हते. ते अधिकार महापालिकेच्या हाती नव्हते आणि ज्या कायद्याने ते बदलले असते, तो अजून लिहिला गेला नव्हता.

कायदा आला, पण उशिरा

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत भाडी बेसुमार वाढली, तेव्हा १९१८ मध्ये भाडे नियंत्रणाचा पहिला कायदा आला. त्याचा रोख भाडेवाढ आणि निष्कासन यांवर होता. डॉ. व्हिएगस यांचे १९३३ मध्ये निधन झाले. योगायोग असा, की प्लेगमधून जन्मलेला सुधार न्यासही त्याच वर्षी महापालिकेत विलीन झाला.

मोडक्या घरातल्या भाडेकरूची बाजू स्पष्टपणे घेणारा मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ मध्ये आला. घर राहण्याजोगे ठेवण्याचे कर्तव्य त्याने मालकावर टाकले. हेच तत्त्व १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ मध्ये कायम आहे. मालक दुरुस्ती टाळत असेल, तर त्याला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करता येते आणि तो खर्च भाड्यातून वळता करता येतो. ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये, एवढी मर्यादा आहे. भाडेकरूला हुसकावण्यासाठी पाणी, वीज, जिन्यातला दिवा किंवा स्वच्छतेची सोय तोडण्यास कलम २९ ने मनाई आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मुंबईत १९६९ च्या कायद्याने मंडळ स्थापन झाले आणि उपकर सुरू झाला.

प्लेगच्या वर्षी ज्याचे उत्तर नव्हते, त्या प्रश्नाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शाहा रतनशी खिमजी प्रकरणात दिला. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने एक मोडकळीस आलेली इमारत पाडली होती. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाडेपट्ट्यात इमारतीखालच्या जमिनीचाही अंश असतो, असे त्रिसदस्यीय पीठाने ठरवले. यामुळे धोकादायक इमारत रिकामी करताना भाडेकरूने आपल्या ताब्याची नोंद, भाडेपावत्या आणि खोलीचे क्षेत्रफळ यांचा पुरावा जपून ठेवणे फार महत्त्वाचे झाले आहे.

बांधकामच अनधिकृत असेल, तर भाडेकरूची स्थिती अधिक नाजूक होते. महापालिकेच्या कारवाईपासून त्याला कायमचे संरक्षण मिळत नाही. परंतु अनधिकृत बांधकामाचे निमित्त करून मालकाने स्वतःच्या हाताने कुलूप लावावे, हेही कायद्याला मान्य नाही. कायदेशीर मार्गाविना ताबा घेतला गेल्यास १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. तेथे मालकी कोणाची, हा प्रश्न विचारात घेतला जात नाही.

हा विषय मुंबईपुरता नाही. भाडे नियंत्रण कायदा त्याच्या अनुसूचींमध्ये नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. सातपुड्याच्या माथ्यावरील तोरणमाळ असो की आणखी एखादे दुर्गम गाव, तेथे नोकरीनिमित्त भाड्याची खोली घेणाऱ्या शिक्षकाने अथवा परिचारिकेने आपले गाव या अनुसूचींत आहे किंवा नाही, हे आधी पाहावे. नसल्यास १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ आहेच. मालकाने करारानुसार करावयाची दुरुस्ती नोटिशीनंतरही केली नाही, तर ती करून खर्च भाड्यातून कापण्याची मुभा ते देते. आग, वादळ किंवा पूर यांनी घर कायमचे निरुपयोगी झाले, तर भाडेपट्टा रद्द ठरवण्याचा पर्यायही भाडेकरूकडे असतो. डॉ. व्हिएगस डॉक्टर झाले, त्यानंतर दोनच वर्षांनी हा कायदा आला होता. मांडवीच्या भाडेकरूला त्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. लेखी करार नाही, पावती नाही आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत, अशा माणसाच्या हाती कायदा असून नसल्यासारखाच होता.

मांडवीशेजारी आजही

डॉ. व्हिएगस यांच्या जुन्या कार्यक्षेत्राच्या आसपासच ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारालगतची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीतील केसरबाई इमारतीचा भाग कोसळून दहाहून अधिक जण दगावले. तेव्हा कोसळलेला भाग उपकरप्राप्त नसून अनधिकृत होता, असे म्हाडाकडून सांगण्यात आले. जबाबदारी कोणाची, यावर यंत्रणांमध्ये वाद सुरू झाला. त्या खोल्यांमध्ये माणसे राहत होती, याविषयी कोणाचाही वाद नव्हता.

१८९६ मध्ये आजार ओळखायला एक डॉक्टर पुरेसा ठरला. धोकादायक घर ओळखणे तर त्याहून सोपे आहे. दर पावसाळ्यापूर्वी अशा इमारतींच्या याद्या प्रसिद्ध होतात, नोटिसा चिकटवल्या जातात. तरीही माणसे तेथेच राहतात, कारण बाहेर पडल्यावर परत येता येईल, याची खात्री त्यांना वाटत नाही. प्लेगच्या दिवसांत मांडवीतली कुटुंबे रुग्ण लपवत होती, त्यामागे हीच भीती होती. संक्रमण शिबिरातली पर्यायी जागा आणि परतीच्या हक्काचा लेखी कागद नोटिशीबरोबरच हाती पडला, तर खोली रिकामी करण्यासाठी पोलीस बोलावण्याची वेळ क्वचितच येईल.